कोसंबींचे गणित आणि टेहळणीचा डोळा

शिरूर आणि दौंड यांच्या मधला पट्टा पर्जन्यछायेचा आहे. भर पावसाळ्यातही तेथील शेतकऱ्याला आभाळाकडे डोळे लावून बसावे लागते. घोड नदी या पट्ट्यातून वाहत जाऊन पुढे भीमेला मिळते. तिच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. या गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडांवर १९६८ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन हाती घेतले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली ते १९८३ पर्यंत चालले आणि ख्रिस्तपूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. केवळ खापरांच्या नक्षीवरून काळ ठरवून हे संशोधक थांबले नाहीत. जळालेले धान्य, जनावरांची हाडे, घरांच्या जमिनी, पाण्याच्या पाटाचे अवशेष, जमिनीखाली दोन मडक्यांच्या तोंडाला तोंड लावून पुरलेली बालके, असा सारा पुरावा निरनिराळ्या तज्ज्ञांनी तपासला आणि मग एकमेकांशी ताडून पाहिला. अखेरच्या टप्प्यात पाऊस घटला, ऐसपैस चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या आणि शिकारीवरचा भर वाढला, हा निष्कर्ष त्यातून निघाला. कोणत्याही एकट्या पुराव्याच्या बळावर तो काढता आला नसता.

या टेकाडावर पहिली कुदळ पडण्यापूर्वी दोन वर्षे, २९ जून १९६६ रोजी, पुण्यात भांडारकर संस्थेच्या रस्त्यावरील घरी दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे झोपेतच निधन झाले होते. इनामगावाशी त्यांचा संबंध आला नाही आणि व्यावसायिक पुरातत्त्वज्ञांशी तर त्यांचे अनेकदा खटकेच उडाले. मात्र एकाच साक्षीदारावर विसंबू नये, अनेक अपुऱ्या साक्षी एकत्र आणाव्यात आणि प्रत्येकीला तिच्या चुकीच्या प्रमाणात वजन द्यावे, हा आग्रह या देशात त्यांच्याइतक्या विविध क्षेत्रांत क्वचितच कोणी धरला असेल. इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. रडारच्या पडद्यावर उमटणाऱ्या ठिपक्यांचा माग काढणाऱ्या शास्त्राने त्यांच्या गणिताचा आधार घेतला आहे, हे फारसे कोणाच्या गावी नसते.

या शास्त्राचा प्रश्न सांगायला सोपा आहे. आकाशात एक विमान चालले आहे. रडार त्याचे अंतर बिनचूक सांगते, दिशा तितकीशी नेमकी सांगू शकत नाही. उष्णता टिपणारा कॅमेरा दिशा अचूक दाखवतो, पण अंतराबाबत मुका असतो. दोघांच्या साक्षीची सरळ सरासरी काढून भागत नाही. ज्या बाबतीत ज्याची चूक कमी, त्या बाबतीत त्याचे अधिक ऐकायचे असते. त्यात दोन निरीक्षणांच्या मधल्या काळात विमान कोठे गेले असेल, याचा केवळ अंदाजच असतो आणि जितका वेळ जाईल तितका हा अंदाज सैल पडत जातो. शिवाय आकाशात विमान एकटे नसते. पक्षी असतात, ढग असतात, जमिनीवरून परतलेले प्रतिध्वनी असतात. कोणता ठिपका कोणाचा हे ठरवण्यासाठी आजही जे अंतर मोजले जाते, त्याला कोलकात्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे नाव आहे. मनुष्यसमूहांच्या शरीरमापांची तुलना करताना त्यांना ही कल्पना सुचली आणि १९३६ मध्ये ती प्रसिद्ध झाली. टेहळणीचे शास्त्र असे कवटी मोजणाऱ्यांच्या, नाणी तोलणाऱ्यांच्या आणि आकाशातील ग्रहांचा माग ठेवणाऱ्यांच्या कामावर उभे राहिले आहे.

नाणी तोलणारे ते कोसंबी. त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसबे येथे झाला. वडील धर्मानंद हे पाली भाषेचे आणि बौद्ध धर्माचे थोर पंडित. १९१२ ते १९१८ या काळात धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते आणि दामोदराचे बालपण या शहरात गेले. १९१८ मध्ये धर्मानंद हार्वर्ड विद्यापीठातील कामासाठी पुन्हा अमेरिकेला निघाले, तेव्हा त्यांनी थोरली मुलगी माणिक आणि अकरा वर्षांचा दामोदर यांना बरोबर नेले. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या गावी त्याचे शालेय शिक्षण झाले. पुढे हार्वर्डमधून त्याने १९२९ मध्ये अत्युच्च श्रेणीत पदवी मिळवली. गणिताबरोबर त्याने अनेक युरोपीय भाषा आत्मसात केल्या होत्या.

केंब्रिजच्या त्या वर्षांत जमलेली एक मैत्री येथे विशेष सांगण्याजोगी आहे. नॉर्बर्ट वीनर हे दामोदरापेक्षा तेरा वर्षांनी मोठे, बालपणीच विद्वान म्हणून गाजलेले गणिती. दुसऱ्या महायुद्धात वीनर यांनी ज्युलियन बिगेलो यांच्यासह विमानभेदी तोफांचा प्रश्न हाती घेतला. तोफेचा गोळा वर पोचेपर्यंत विमान पुढे सरकलेले असते. म्हणून ते आता कोठे आहे यापेक्षा काही क्षणांनी कोठे असेल, हे कळणे महत्त्वाचे असते. गोंगाटाने भरलेल्या निरीक्षणांतून पुढचा मार्ग वर्तवण्याचे वीनर यांचे गणित १९४२ मध्ये गुप्त अहवालाच्या रूपाने तयार झाले. हिरोशिमानंतर त्यांचे मन पालटले. लष्करी कामासाठी आपले संशोधन देण्यास त्यांनी १९४७ च्या जानेवारीत जाहीर नकार दिला. गणित मात्र तोवर त्यांच्या हातून सुटलेले होते. त्यांच्या पुण्याच्या मित्राच्या बाबतीतही पुढे काहीसे असेच घडायचे होते.

पदवीनंतर कोसंबी मायदेशी परतले. बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी अध्यापन सुरू केले आणि पुढे आंद्रे वेय या तरुण फ्रेंच गणितज्ञाच्या निमंत्रणावरून ते अलीगढला गेले. वेय यांच्या चिथावणीवरून त्यांनी १९३१ मध्ये बुर्बाकी नावाच्या एका काल्पनिक गणितज्ञाच्या सिद्धांतावर गंभीर मुद्रेने शोधनिबंध लिहिला. काही वर्षांनी फ्रेंच गणितज्ञांच्या एका गटाने हेच टोपणनाव घेतले आणि विसाव्या शतकातील गणिताची मांडणी बदलून टाकली. त्या नावाचा विनोद छापील निबंधात एका गोवेकराने केला होता, याची नोंद या क्षेत्राच्या इतिहासात आहे.

१९३३ मध्ये कोसंबी पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले. येथील बारा वर्षे त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी म्हणावी लागतील. संख्याशास्त्राचा अभ्यास करावा आणि त्यासाठी एखादा खराखुरा प्रश्न घ्यावा, या हेतूने त्यांनी प्राचीन आहत नाण्यांकडे मोर्चा वळवला. या चांदीच्या तुकड्यांवर राजाचे नाव नसते, सन नसतो. असतात ती केवळ चिन्हे. नाणकशास्त्रज्ञ चिन्हांवरून तर्क लढवत होते. कोसंबींनी रसायनशाळेतील सूक्ष्म तराजू घेतला आणि वजने करायला सुरुवात केली. चलनात फिरणारे नाणे हातोहाती झिजते. एकाच टांकसाळीतून एकाच वेळी निघालेली नाणी आरंभी जवळजवळ सारख्या वजनाची असतात. जसजशी वर्षे जातात तसतसे त्यांचे सरासरी वजन घटते आणि वजनांमधला विखुरलेपणा वाढत जातो, कारण काही नाणी फार हातांतून जातात तर काही गाठीला बांधलेली राहतात. ही गोष्ट खरी आहे की नाही, हे त्यांनी आधी आपल्या काळातील, ज्यांचे वर्ष छापलेले आहे अशा हजारो नाण्यांवर तपासले. मगच तक्षशिलेच्या नाणेनिधींवर ती कसोटी लावून त्यांनी कोणते गट आधीचे आणि कोणते नंतरचे, याचा क्रम लावला.

टेहळणीच्या प्रश्नाशी याचे साम्य वाचकाच्या ध्यानात आलेच असेल. एका ज्ञात क्षणापासून दूर जाताना अनिश्चितता वाढत जाते. ती वाढ कोणत्या नियमाने होते हे कळले, तर दिसलेल्या वस्तूवरून न दिसलेला मार्ग काढता येतो. विमानाच्या बाबतीत हा मार्ग आकाशातला असतो आणि काही सेकंदांचा. नाण्याच्या बाबतीत तो बाजारातला असतो आणि शतकांचा.

या कामातून कोसंबींची दृष्टी सांख्यिकीच्या अधिक खोल प्रश्नांकडे गेली. १९४३ मध्ये इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा अवघ्या तेरा पानांचा निबंध प्रसिद्ध झाला. फलनांच्या अवकाशातील सांख्यिकी असा त्याचा विषय होता. आजवरची सांख्यिकी प्रामुख्याने सुट्या आकड्यांची होती. कोसंबींनी विचारलेला प्रश्न निराळा होता. मोजमाप म्हणजे एक आकडाच नसून सतत हेलकावणारी एक पूर्ण वक्ररेषा असेल तर काय करायचे? दिवसभराचे तापमान, नदीचा प्रवाह, तारेतून येणारा संदेश, ही सारी अशा वक्ररेषांची उदाहरणे होत.

त्यांचे उत्तर असे होते. एकाच प्रकारच्या पुष्कळ वक्ररेषा हाती असतील, तर त्या सर्व काही मूळ आकारांच्या बेरजेतून उभ्या करता येतात. फूरिए यांच्या पद्धतीतही वक्ररेषेची अशी फोड होते, पण तेथे लाटांचे आकार आधीच ठरलेले असतात. येथे मूळ आकार निरीक्षणांतूनच काढायचे. ते असे निवडता येतात, की एकाच्या चढउताराचा दुसऱ्याशी सहसंबंध राहत नाही आणि महत्त्वाप्रमाणे त्यांचा क्रम लावता येतो. बहुधा पहिल्या काही आकारांतच खरा आशय सामावतो. उरलेला भाग बव्हंशी गोंगाट म्हणून बाजूला काढता येतो. मर्यादित संख्येच्या राशींसाठी अशी रीत अमेरिकेतील हॅरल्ड हॉटेलिंग यांनी १९३३ मध्ये मांडली होती. तिला अनंत मितींच्या क्षेत्रात नेण्याचे काम कोसंबींनी पुण्यात बसून केले.

ज्या वर्षी हा निबंध निघाला, त्या वर्षी जग युद्धात होते आणि भारतीय नियतकालिके परदेशी पोचणे दुरापास्त होते. पुढच्या चारपाच वर्षांत फिनलंडचे कारी कारहुनेन आणि फ्रान्समधील मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे हाच सिद्धांत मांडला आणि पाठ्यपुस्तकांत तो त्या दोघांच्या नावे रूढ झाला. त्यांनी तो अधिक काटेकोर आणि व्यापक रीतीने मांडला, हेही खरे. तरी पहिला निबंध पुण्याचा होता. १९४४ मध्ये अनुवंशशास्त्रातील त्यांचे सूत्र लंडनच्या नियतकालिकात आले, त्याचे नशीब अधिक चांगले निघाले. गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर मोजताना ते सूत्र पीकसंशोधक आजही कोसंबींच्याच नावाने वापरतात.

१९४५ मध्ये होमी भाभा यांनी त्यांना नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावले. कोसंबींनी पुणे सोडले नाही. डेक्कन क्वीनने मुंबईस जायचे आणि संध्याकाळी परतायचे, हा त्यांचा क्रम झाला. १९४८-४९ मध्ये इलेक्ट्रॉनिक गणनयंत्रांच्या अभ्यासासाठी युनेस्कोची पाठ्यवृत्ती घेऊन ते इंग्लंड-अमेरिकेला जाऊन आले. त्यांच्या १९४३ च्या सिद्धांताचा व्यवहारात उपयोग होण्यासाठी ज्या यंत्रांची गरज होती, ती तेव्हा बाल्यावस्थेत होती.

याच सुमारास त्यांच्या प्रतिभेने दुसरे वळण घेतले, असे म्हटले जाते. खरे तर ते दुसरे वळण नव्हतेच. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ मध्ये सिद्ध केली, तेव्हाही पद्धत तीच होती. शेकडो हस्तलिखिते परस्परांशी ताडून, कोणत्या परंपरेची साक्ष कितपत स्वतंत्र आहे हे पाहून, सुमारे दोनशे श्लोक त्यांनी भरवशाचे ठरवले आणि बाकीचे संशयित म्हणून वेगळे काढले. एकाच मूळ प्रतीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत, एकच. अनेक यंत्रांकडून आलेल्या माहितीचा मेळ घालणाऱ्या अभियंत्यांना नेमकी हीच दक्षता घ्यावी लागते. दोन केंद्रांकडून आलेली बातमी मुळात एकाच रडारची असेल, तर ती दोनदा मोजल्याने खोटा विश्वास वाढतो.

पुढे कोसंबी पुण्याभोवतीच्या टेकड्या आणि वाटा पायी पालथ्या घालू लागले. दगडी हत्यारांचे नखाएवढे तुकडे, शेंदूर फासलेले तांदळे, म्हसोबा, आडवाटेवरच्या मातृदेवता, मेंढरे घेऊन कोरड्या मुलखातून हिंडणाऱ्या धनगरांचे मार्ग, लोणावळ्याकडील लेण्यांतील शिलालेख, हे सारे त्यांनी एकत्र आणले. जुन्या देवीच्या स्थानाजवळ सूक्ष्म पाषाणास्त्रे वारंवार सापडत असतील आणि धनगरांची आजची वाटही तेथूनच जात असेल, तर तीन दुबळ्या पुराव्यांतून एक बळकट अनुमान निघते. संस्कृत ग्रंथांना तेव्हा इतिहासाचे मुख्य साधन मानले जाई. कोसंबींनी त्यांना अनेकांपैकी एक साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभे केले. १९५६ मध्ये भारतीय इतिहासाच्या अभ्यासाची प्रस्तावना करणारा त्यांचा ग्रंथ आला, १९६२ मध्ये मिथक आणि वास्तव यांवरचा आणि १९६५ मध्ये प्राचीन भारताच्या संस्कृतीचा आढावा. संयुक्त पद्धती या नावाने त्यांनी १९६३ मध्ये आपल्या रीतीची मांडणीही केली. शिरूरच्या सीमेवर इनामगावकरांनी मातीच्या पेटीत घालून जमिनीत पुरलेली स्त्रीमूर्ती, तिच्या सोबतची शिर नसलेली दुसरी मूर्ती आणि बैल हाती आले, तेव्हा ते पाहायला कोसंबी नव्हते. मातृदेवतांवर इतके लिहिणाऱ्या माणसाची ही हुकलेली भेट अभ्यासकाला चुटपुट लावून जाते.

कोसंबी हाडाचे शांततावादी होते. जागतिक शांतता परिषदेच्या कामात ते हिरिरीने सहभागी झाले, चीन आणि सोव्हिएत संघाच्या वाऱ्या त्यांनी केल्या. अण्वस्त्रांना तर त्यांचा विरोध होताच. पण भारतासारख्या सूर्यप्रकाशाने समृद्ध देशाने अणुऊर्जेच्या मागे धावावे, हेही त्यांना मान्य नव्हते. १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबमधील व्याख्यानात त्यांनी सौरऊर्जेचा पुरस्कार केला. अणुकार्यक्रमाचे शिल्पकार भाभा हेच त्यांचे संचालक होते, हे लक्षात घेतले म्हणजे या भूमिकेची किंमत कळते. १९५९ मध्ये रिमान यांच्या प्रसिद्ध अनुमानाची सिद्धता मिळाल्याचा दावा करणारा निबंध त्यांनी कृषी सांख्यिकीच्या एका नियतकालिकात छापला. ती सिद्धता टिकली नाही. पुराव्यांना मोजूनमापून वजन देणाऱ्या या माणसाने तेथे स्वतःच्या खात्रीला जरा जास्तच वजन दिले, असे म्हणावे लागते. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. त्यामागे यांपैकी नेमके काय अधिक निर्णायक ठरले, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद दर्जा दिला आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी ते जोडले गेले. दोन वर्षांनी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, ते गेले.

त्यांच्या निधनानंतर संगणक मोठे झाले आणि १९४३ च्या निबंधातील गणित सर्वत्र पसरले. हवेतील खळबळ, हवामानाचे नकाशे, हृदयाच्या ठोक्यांचे आलेख यांत ते वापरले जाते. लाटांवरून परतणाऱ्या प्रतिध्वनींतून लहानशी नौका वेगळी काढण्यासाठी, तसेच निरनिराळ्या कॅमेऱ्यांनी टिपलेली एकाच प्रदेशाची चित्रे एकजीव करण्यासाठी अभियंते याच पद्धतीकडे वळले. १९८७ मध्ये अमेरिकेतील लॉरेन्स सिरोविच आणि मायकेल कर्बी यांनी मानवी चेहऱ्यांवर ती लावून दाखवली. चेहरा ही देखील एक प्रकारची वक्ररेषाच, आणि मोजक्या मूळ आकारांच्या बेरजेतून ती उभी करता येते. चार वर्षांनी त्यावर आधारलेली चेहरा ओळखण्याची संगणकीय रीत मॅसॅच्युसेट्समध्ये तयार झाली. दामोदर ज्या केंब्रिजमध्ये शिकला, त्याच गावातील संस्थेत.

गर्दीतील माणूस ओळखणाऱ्या कॅमेऱ्यासाठी किंवा क्षेपणास्त्राच्या वाटेसाठी कोसंबींनी ते गणित रचले नव्हते. पण एखादे सूत्र छापले गेले, की त्याच्या वापरावर कर्त्याचा ताबा राहत नाही आणि युद्धविरोधी म्हणून ओळखला जाणारा हा गणितज्ञ त्याला अपवाद ठरला नाही. वीनर यांच्यासारखा नकार देण्याची संधीही त्यांना मिळाली नाही. ज्या निबंधावर पुढे एवढी इमारत उठली, त्याकडे त्यांच्या हयातीत या दृष्टीने कोणी पाहिलेच नव्हते.

२००८ मध्ये, जन्मशताब्दी वर्षाच्या अखेरीस, भारतीय डाक विभागाने त्यांच्यावर तिकीट काढले. २०१६ मध्ये रामकृष्ण रामस्वामी यांनी त्यांचे निवडक गणिती आणि सांख्यिकी लेखन संपादित करून एका ग्रंथात आणले आणि तेरा पानांचा तो निबंध नव्या वाचकांना सहज उपलब्ध झाला. त्या सिद्धांताला आता काही ग्रंथांत कारहुनेन आणि लोएव्ह यांच्या जोडीने कोसंबींचेही नाव दिले जाते. बहुतेक पाठ्यपुस्तकांत मात्र अजून दोनच नावे आढळतात.